नदीगाळातील प्रदूषणाचे मूल्यमापन (परभणी जिल्हा)

नदीच्या तळाशी व काठाला साचलेल्या गाळात जड धातू, कीटकनाशकांचे अंश, तेलकट द्रव्ये किती आहेत आणि त्यांतली माणसाच्या उद्योगांमुळे किती आली, हे ठरवण्याची पद्धत. पाण्याचा नमुना त्या दिवसापुरता असतो; एक पूर आला की पुरावा वाहून जातो. गाळ वर्षानुवर्षांचा पुरावा धरून ठेवतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्टे नोंदवले, त्यांतले ५३ महाराष्ट्रातले. पण ती वर्गवारी पाण्यातील बीओडीवरून (जैविक प्राणवायू मागणीवरून) झाली होती, गाळावरून नव्हे.

परभणीत गोदावरी, पूर्णा आणि दुधना या मुख्य नद्या. गोदावरीवर ढालेगाव, मुदगल, डिग्रस असे बंधारे आहेत, पूर्णेवर येलदरी आणि दुधनेवर सेलूजवळ निम्न दुधना धरण. पाणी संथ झाले की बारीक कण खाली बसतात, आणि धातू चिकटतात ते बारीक कणांनाच. त्यामुळे नमुना घ्यायचा तो बंधाऱ्यामागच्या डोहातला; गंगाखेडच्या घाटाखालची भरड वाळू तपासून फारसे हाती लागत नाही. जालना शहरातून येणारी कुंडलिका दुधनेला मिळते, म्हणून तिथल्या पोलाद उद्योगाची खूण शोधायची तर निम्न दुधनेचा गाळ आधी पाहावा. वाळूउपशाचे खड्डे मात्र टाळावेत. तिथे जुने-नवे थर एकमेकांत कालवलेले असतात.

वरचा काही सेंटिमीटर थर लोखंडी अवजार न लावता प्लॅस्टिकच्या चमच्याने काढतात, सावलीत वाळवतात, मुळ्या व शिंपले वेचतात आणि ६३ मायक्रॉनच्या चाळणीने चाळतात. मग आम्लात विरघळवून धातू मोजतात.

मोजणी सोपी, अडचण येते ती तुलनेत. जर्मन संशोधक म्युलर यांचा १९६९ चा भूसंचय निर्देशांक म्हणजे सापडलेले प्रमाण भागिले पार्श्वमूल्याची (प्रदूषणाआधीच्या नैसर्गिक प्रमाणाची) दीडपट, आणि त्या भागाकाराचा २ या पायाचा लघुगणक. शून्याखाली आला तर गाळ स्वच्छ. पार्श्वमूल्य म्हणून सर्रास जगाच्या सरासरी शेल खडकाचे आकडे घेतात. त्यात तांबे दशलक्ष भागांत ४५. परभणीची काळी माती मात्र दख्खनच्या बेसाल्टची, आणि त्यात तांबे शंभर-दीडशे भाग सहज असते. समजा गाळात १५० भाग निघाले. शेलशी ताडून निर्देशांक १.१५ येतो, म्हणजे 'मध्यम प्रदूषित'. पार्श्वमूल्यही १५० धरले तर तोच गाळ उणे ०.५८ वर, निर्मळ ठरतो. क्रोमियम, निकेल आणि व्हॅनेडियमचीही हीच गत. गोदाकाठच्या वाळूत लोहचुंबक फिरवला की काळी भुकटी मिशांसारखी चिकटते. ती कारखान्याची नव्हे, बेसाल्टातल्या मॅग्नेटाइटची. म्हणून जिंतूरच्या डोंगरातल्या, वस्तीच्या वरच्या ओढ्यांचा गाळ स्थानिक पार्श्वमूल्यासाठी घ्यावा. एवढे श्रम न घेता काढलेला निष्कर्ष कितीही दशांशांत मांडला तरी कच्चाच.

इथे तांब्यापेक्षा कॅडमियम अधिक भरवशाचा साक्षीदार आहे. बेसाल्टात ते नगण्य असते, तर स्फुरदयुक्त खतांतून थोडे थोडे शेतात येते. हाकान्सन यांच्या १९८० च्या पर्यावरणीय धोका निर्देशांकात कॅडमियमचा विषारीपणा ३० धरला आहे, तांब्याचा ५ आणि जस्ताचा १. टेसियर व सहकाऱ्यांची १९७९ ची टप्प्याटप्प्याने विरघळवण्याची रीत आणखी एक गोष्ट दाखवते: धातू स्फटिकात कैद आहे की कणाला नुसता चिकटलेला, पिकाच्या मुळाला उचलता येईल असा.

हा भेद महाराष्ट्रात कागदापुरता नाही. २०१७ पासूनच्या 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत तलावांचा गाळ ट्रॅक्टरने शेतात पडतो. डोहातला सडक्या अंड्याच्या वासाचा काळा गाळ प्राणवायूविना असतो. त्यातले धातू गंधकाशी बांधलेले असतात. तो उन्हात पसरला की हवा लागते, बंध सुटू लागतात. किती धातू चालेल हे ठरवायला पिण्याच्या पाण्यासाठी आयएस १०५०० हे मानक आहे, नदीगाळासाठी तसे भारतीय मानक नाही. संशोधक परदेशी मर्यादा वापरतात. उत्तर अमेरिकेत रूढ असलेली तांब्याची वरची मर्यादा १४९ भाग आहे. वरच्या उदाहरणातला निर्मळ गाळ तीही एका भागाने ओलांडतो.