कषायांना रूप देणारी जैन कला

क्रोध, मान, माया आणि लोभ ही चार कषायांची नावे जैन घरातील मुलास पाठशाळेच्या पहिल्या धड्यांतच पाठ होतात. परंतु हे शत्रू डोळ्यांना दिसत नाहीत. जो दिसत नाही त्याच्याशी लढावे कसे? आपल्या आचार्यांनी, कवींनी आणि शिल्पकारांनी या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वीच शोधले. त्यांनी विकारांना रूप दिले, नाव दिले, प्रसंगी कुळ आणि सोयरेही दिले.

प्रथम शास्त्रकारांनी उपमा योजल्या. क्रोध हा रेघेसारखा. पाण्यावरची रेघ क्षणात मिटते, वाळूवरची वाऱ्याने पुसली जाते, जमिनीची भेग पावसाळ्यात सांधते, मात्र पाषाणावरची रेघ राहते. मानाला दगड, अस्थी, लाकूड आणि वेत अशा चार खांबांची उपमा दिली. वेत लवकर वाकतो, दगड कधीच वाकत नाही. कर्मग्रंथांच्या परंपरेत कषायांच्या या चार प्रतींस पंधरवडा, चार महिने, वर्ष आणि आजन्म अशी मुदत सांगितली आहे. पाक्षिक, चातुर्मासिक व सांवत्सरिक प्रतिक्रमणाचे मोल यावरून ध्यानी येते.

उपमेच्या पुढचे पाऊल सिद्धर्षींनी टाकले. इ. स. ९०६ मध्ये भिल्लमाळ येथे पूर्ण झालेल्या ‘उपमितिभवप्रपंचा कथा’ या संस्कृत ग्रंथात विकार हाडामांसाची पात्रे होऊन वावरतात. राजपुत्र नंदिवर्धनाचा जिवलग मित्र वैश्वानर म्हणजे क्रोध. तो अविवेकिता नावाच्या दाईचा पुत्र असून त्याच दिवशी जन्मलेला आहे. तो राजपुत्रास ‘क्रूरचित्त’ नावाच्या गोळ्या देतो. पुढे हिंसा ही त्याची पत्नी होते. दुसऱ्या जन्मी रिपुदारणास शैलराज म्हणजे मान भेटतो आणि ‘स्तब्धचित्त’ नावाचा लेप छातीस लावावयास देतो. विशेष हे की, सिद्धर्षींचा क्रोध शत्रूच्या वेषात येत नाही, तो बालमित्र म्हणून येतो. म्हणूनच त्याला सोडणे जड जाते.

बाराव्या शतकात यशःपालाने ‘मोहराजपराजय’ नाटकात हीच रीत रंगभूमीवर आणली. गुजरातचा राजा कुमारपाल तेथे कृपासुंदरीशी विवाह करतो आणि मोहराजाचा पराभव करतो. प्रत्यक्ष होऊन गेलेला राजा आणि मूर्तिमंत भावना एकाच रंगमंचावर उभ्या राहतात.

महाराष्ट्रात ही भाषा पाषाणात पाहावयास मिळते. वेरूळच्या ३० ते ३४ या जैन लेणी मुख्यत्वे नवव्या-दहाव्या शतकांतील होत. तेथे पार्श्वनाथांच्या उपसर्गाचा प्रसंग वारंवार कोरलेला आहे. मध्यभागी ध्यानस्थ प्रभू, मस्तकावर धरणेंद्राची फणा, बाजूस छत्र धरलेली पद्मावती आणि सभोवती शिळा उचलून धावणारी विक्राळ रूपे. या रूपांमागे कमठाचे वैर आहे. पहिल्या जन्मी धाकटा भाऊ मरुभूती क्षमा मागण्यास आला असता थोरल्या कमठाने त्याच्या मस्तकावर शिळा टाकली. तेच वैर जन्मोजन्मी चालत येऊन अखेरच्या भवात पुन्हा शिळाच उचलते. पाषाणावरची रेघ ती हीच! पण शिल्पकार येथे थांबला नाही. प्रभूंच्या चरणांशी हात जोडून बसलेली आकृती कोरली आहे. अभ्यासक तिला शरण आलेला कमठ मानतात. म्हणजे ती रेघही पुसता येते.

याच लेण्यांत पार्श्वनाथांच्या समोर बहुधा बाहुबली उभे असतात. अंगावर वेली चढल्या आहेत, पायांशी सर्प आहेत. श्वेतांबर कथेत धाकट्या भावांना वंदन करण्याचा संकोच हे शल्य होते, आणि ब्राह्मी व सुंदरी या भगिनींनी मानरूपी हत्तीवरून खाली उतरण्याची जाणीव दिली. जिनसेनांच्या आदिपुराणात आपल्यामुळे भरतास क्लेश झाला, ही रुखरुख आहे. वेरूळच्या शिल्पात वेली दूर करणाऱ्या दोन स्त्रिया दिसतात. दिगंबर परंपरेत त्या विद्याधरी होत. एके ठिकाणी राज्य जिंकून सोडणाऱ्या वीरासही मान अडवतो, दुसरीकडे भावाचे दुःख अडवते. दोन्ही कथा बाहेरच्या वेलींतून आतली गाठ दाखवतात. इ. स. ९८१ च्या सुमारास चामुंडरायाने उभारविलेल्या श्रवणबेळगोळच्या सुमारे ५७ फुटी मूर्तीवर आणि १९६३ मध्ये स्थापन झालेल्या कुंभोजच्या २८ फुटी मूर्तीवरही त्याच वेली आहेत.

मंदिरांच्या भिंतींवरील षट्लेश्या वृक्षाचे चित्र लहान मुलांसही परिचित असते. सहा भुकेले प्रवासी एकाच झाडापाशी येतात. एकास झाड मुळासकट उपटावयाचे असते, शेवटचा खाली पडलेली फळे वेचतो. भूक सर्वांची एकच, अंतरीचे परिणाम मात्र निराळे.

ही कला मनोरंजनासाठी घडली नाही, तसेच केवळ दुसऱ्यांचे दोष दाखविण्यासाठीही नाही. कमठ आणि मरुभूती सख्खे भाऊ होते, भरत आणि बाहुबलीही भाऊच होते. कषाय परक्यांत नव्हे, घरात, भाऊबंदकीत आणि समाजाच्या बैठकीतच प्रथम डोके वर काढतात. दानाच्या शिळेवर नाव कोरताना शैलराज जवळच उभा असतो. त्याला ओळखणे हीच त्याला निरोप देण्याची सुरुवात होय. सुवर्ण महोत्सवाच्या या मंगल प्रसंगी प्रत्येकाने वर्षानुवर्षांची एखादी जुनी रेघ पुसली, तर त्या प्राचीन शिल्पकारांचे श्रम सार्थकी लागतील.