पिल्लांचे पुढे काय झाले?

आमच्या बैठकीच्या खोलीत देवमामलेदार यशवंतराव महाराजांची तसबीर आहे. सटाण्यात ती कोणाच्या घरी नसते? पण तिच्या शेजारी गेली वीस वर्षे आणखी एक चौकट टांगलेली होती. तीत डाळिंबाच्या झुडपातले बुलबुलाचे घरटे, घरट्यातून वर आलेल्या तीन उघड्या चोची, आणि काठावर किडा घेऊन बसलेला मोठा पक्षी. खाली मी सुंदर अक्षरात ‘माता’ असे लिहिले होते. बुलबुलात नर आणि मादी सारखेच दिसतात आणि पिल्लांना दोघेही भरवतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. काठावर बसलेला तो बापही असू शकेल. असो.

या फोटोला एका प्रदर्शनात बक्षीस मिळाले होते. पाहुणे यायचे, वाहवा करायचे, चहा पिऊन जायचे. गेल्या पावसाळ्यात सहावीतली एक मुलगी वही द्यायला घरी आली. तिने तो फोटो बराच वेळ पाहिला आणि विचारले, “सर, ही पिल्लं मोठी झाली का?”

“झाली असतील की,” मी म्हणालो. मी मास्तर आहे आणि तिच्याशी धडधडीत खोटे बोललो.

खरी गोष्ट अशी. मळा माझ्या मामांचा. कॅमेरा नवा, उमेद त्याहून नवी. घरटे झुडपाच्या आत, पुरते सावलीत. फोटोत नुसता काळोख येई. तेव्हा मी कात्रीने चार डहाळ्या छाटल्या. ऊन थेट घरट्यावर पडले. मग दोन हातांवर उभा राहून मी तासभर कॅमेरा चालवला. चोचीत किडा धरून पक्षी शेजारच्या झाडावर ओरडत होता, शेंडी ताठ करून इकडून तिकडे उडत होता. ते ओरडणे मला गाणे वाटले. शेवटी तो आला आणि मला माझा फोटो मिळाला. दुसऱ्या दिवशी सकाळी घरटे रिकामे होते. वर कावळा बसला होता. मामा आले, छाटलेल्या डहाळ्या त्यांनी पायाने उलट्या केल्या आणि एवढेच म्हणाले, “फांदी कशाले तोडी रे? सावली व्हती ती.”

मुलगी गेल्यावर मला वाटू लागले, की पक्ष्यांच्या पिल्लांचे फोटो काढणारा मी काही पहिला नाही. माझ्याआधी ज्यांनी काढले, त्यांच्या पिल्लांचे काय झाले? त्या ओढीने मी हा इतिहास चाळू लागलो.

आरंभ इंग्लंडातल्या यॉर्कशायरच्या दोन शेतकरीपुत्रांपासून करावा लागतो. रिचर्ड आणि चेरी कियर्टन ही ती भावंडे. १८९२ च्या एप्रिलात चेरीने एका थ्रश पक्ष्याच्या घरट्याचा, आतल्या अंड्यांसह, फोटो काढला. १८९५ साली दोघांनी ब्रिटिश पक्ष्यांच्या घरट्यांवर पुस्तक काढले, मजकूर रिचर्डचा आणि चित्रे सारी चेरीच्या कॅमेऱ्याची. तेव्हाचा कॅमेरा म्हणजे लाकडी पेटी, तिवई आणि काचेच्या जड पट्ट्या. उडता पक्षी टिपण्याची तिची ताकद नव्हती. पक्षी पुनःपुन्हा परत येईल आणि क्षणभर थांबेल अशी जगात एकच जागा, ती म्हणजे त्याचे घरटे. म्हणून ही कला घरट्यापाशी जन्मली. तिथे सौंदर्य जास्त असते म्हणून नव्हे, तिथे पक्षी अगतिक असतो म्हणून. बाळ टाकून जायचे कुठे?

पण पक्षी माणसाला बुजतो. १९०० साली या भावांनी एक युक्ती काढली. बैलाचे कातडे आणून त्याचा पोकळ बैल केला, आत एकाने कॅमेऱ्यासह उभे राहायचे! आपण पोळ्याला बैल सजवतो. यांनी बैलात पेंढ्याऐवजी भाऊ भरला. एकदा तर आतल्या गृहस्थाला भोवळ येऊन बैल चारी पाय वर करून पडला. ही हकिगत मी वर्गात सांगतो तेव्हा तास संपेपर्यंत पुढे काही शिकवता येत नाही.

हसून झाल्यावर मात्र लक्षात येते, की बैलाच्या पोटात घुसमटणाऱ्या त्या माणसाला मला न कळलेली एक गोष्ट कळली होती. आपण आहोत हे पक्ष्याला कळता कामा नये. बैलानंतर कापडी आडोसा आला. जाणकार तो एकदम घरट्यापाशी ठोकत नसत. पहिल्या दिवशी दूर उभा करायचा, पक्षी निर्धास्त झाला की थोडा पुढे सरकवायचा, असे कित्येक दिवस. आणखी एक गमतीची रीत होती. आडोशात दोघांनी जायचे आणि एकाने उघडपणे बाहेर पडून निघून जायचे. पक्ष्याला हिशेब येत नाही. माणूस गेला असे समजून तो पिल्लांकडे परततो. झुडपाची फांदी आड येत असेल तर ती दोरीने बाजूला बांधायची, काम झाले की सोडून द्यायची. कात्री लावायची नाही. कोवळ्या, बिनपिसांच्या पिल्लाला स्वतःच्या अंगाची ऊब राखता येत नाही की ऊन सोसता येत नाही. फांदी हीच त्याचे छप्पर आणि कावळ्यापुढचा पडदा. मामांनी तीन शब्दांत सांगितलेले मला पुस्तकांतून शोधावे लागले.

१९३७ साली एरिक हॉस्किंग हा तरुण इंग्रज रात्री वेल्समधल्या एका घुबडाच्या घरट्यापाशी आडोशात चढत होता. घुबडाने झडप घातली आणि त्याचा डावा डोळा गेला. हा गडी थोड्याच दिवसांत पुन्हा त्याच कामाला लागला आणि उरलेल्या एका डोळ्यावर जगातला अग्रगण्य पक्षी-छायाचित्रकार झाला. घुबडाबद्दल मला मुळीच राग येत नाही. त्या बुलबुलाला घुबडाच्या नख्या असत्या तर माझे काय झाले असते!

आपल्याकडे ई. एच. एन. लोथर या इंग्रजाचे भारतातल्या पक्ष्यांच्या छायाचित्रणावरचे पुस्तक १९४९ मध्ये निघाले. मला अधिक जवळचे वाटतात ते लोक वान थो. हे सिंगापूरचे श्रीमंत चित्रपट-व्यावसायिक. १९४२ मध्ये जपानी आक्रमणातून निसटताना त्यांच्या बोटीवर बॉम्ब पडला. ते भाजले आणि काही काळ त्यांची दृष्टी गेली. पुढे ते भारतात आले आणि मुंबईच्या सालिम अलींशी त्यांची जन्माची मैत्री जमली. दोघांनी मिळून पक्ष्यांमागे पुष्कळ भटकंती केली. लोक यांचा पक्षिचित्रांचा ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला. १९६४ मध्ये तैवानातल्या विमान-अपघातात ते गेले. एकदा अंधार पाहून आलेल्या माणसाने उरलेला उजेड पाखरांवर खर्च केला.

सालिम अली स्वतः कॅमेऱ्यापेक्षा दुर्बिणीचे. १९३० च्या पावसाळ्यात ते अलिबागजवळच्या किहीमला राहत होते. नोकरी नव्हती. सुगरणींच्या वसाहतीजवळ शिडीवर, आडोशाच्या मागे, ते तासन् तास बसून राहिले. आपल्या भाषेने त्या पक्ष्याला सुगरण म्हणून सगळे श्रेय बाईला दिले आहे. किहीमला दिसले ते निराळेच. खोपा विणतो नर. तो अर्धा झाला की माद्या पाहणीला येतात. एखादीने पसंत केला तर तो पुरा होतो, ती आत अंडी घालते, आणि हे महाराज दुसऱ्या संसारासाठी शेजारी दुसरा खोपा विणायला घेतात! शिडीवरचा माणूस पक्ष्यांनी गणतीतून काढून टाकला म्हणूनच हे बिंग फुटले.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तर ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच रानपक्ष्यांची अंडी आणि घरटी यांना त्रास देणे बसवले. म्हणजे कायद्याच्या पोथीत माझी ती कात्री आणि बंदूक एकाच पानावर आहेत. पुढे डिजिटल कॅमेरे स्वस्त झाले, एका घरट्याभोवती दहा-दहा जण जमू लागले. आता कित्येक स्पर्धा घरट्यांची छायाचित्रे घेतच नाहीत. काही मित्रांना हा अन्याय वाटतो. मला वाटत नाही. आज लांब पल्ल्याची भिंगे आहेत, सेकंदाच्या हजाराव्या भागात पंख गोठवता येतो. कियर्टन बंधूंची अडचण उरलेली नाही. आणि घरटे सोडल्यावरही कित्येक पिल्ले आठवडे-दोन आठवडे आईबापांकडूनच खातात. फांदीवर, बांधावर, पाण्यावर हा सोहळा उघड्यावर चालतो. त्याला फक्त थांबायची तयारी लागते.

नाशिक जिल्ह्यात अशी बैठक मारायला नांदूरमध्यमेश्वर आहे. १९८६ साली ते अभयारण्य झाले आणि पुढे महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ. पण मला रोज तिथे जाणे परवडत नाही. मी गावाबाहेरच्या पाझर तलावावर जातो. यंदा तिथे टिबुकलीची जोडी होती. तिची पट्टेदार पिल्ले पाठीवरच्या पिसांत बसून फिरतात; बाहेर दिसतात ती नुसती इवली डोकी. माणूस पुढे सरकला की टिबुकली बुडी मारते आणि फोटो संपतो. तेव्हा जवळ किती जायचे ते तीच ठरवते. अकरा सकाळी मी बाभळीखाली, पाण्याच्या पातळीला डोळा आणून, पोटावर पडून राहिलो. ऊन पाठीमागून येई. अकराव्या सकाळी जोडीदार चोचीत बारीक मासा घेऊन आला आणि पाठीवरून तीन माना एकदम लांब झाल्या.

फोटो तितकासा धारदार नाही. एक गवताचे पाते मधे आले आहे. ते मी काढले नाही. पक्षी माझ्याकडे पाहतही नाही. बुलबुलाचा फोटो उतरवून त्याच्या पाठीवर मी तारीख आणि घडले ते सारे लिहून ठेवले, आणि त्या खिळ्याला हा नवा लावला.

परवा ती मुलगी पुन्हा आली. मी काही बोलायच्या आतच तिने चौकटीकडे बोट केले.

“आणि ही, सर?”

“काल संध्याकाळपर्यंत तिन्ही होती,” मी म्हणालो. “उद्या पहाटे येतेस का बघायला?”