पायाखालची लय : गिटार आणि सिंथेसायझरच्या तालबद्ध पेडलांचा इतिहास

इलेक्ट्रिक गिटार किंवा सिंथेसायझर यांचा आवाज अँप्लिफायरपर्यंत पोहोचण्याआधी वाटेत एका पेटीतून जातो आणि ती पेटी त्याला ठरावीक अंतराने चढउतार, खंड किंवा पुनरावृत्ती देते. वादकाचे दोन्ही हात वाद्यात गुंतलेले असल्यामुळे ही पेटी जमिनीवर ठेवून पायाने चालवतात. अशा तालबद्ध पेडलांचे तीन मुख्य प्रकार आहेत. ट्रेमोलो आवाजाची पातळी लयीत वर-खाली करतो. डिले, म्हणजेच इको, वाजवलेला स्वर काही काळाने पुन्हा ऐकवतो. फिल्टरवर चालणारे इफेक्ट आवाजाचा पोत टप्प्याटप्प्याने बदलतात. तिन्हींच्या आत एक घड्याळ चालू असते. या घड्याळाची आणि वादकाच्या लयीची गाठ कशी पडली, याचा इतिहास सुमारे ऐंशी वर्षांचा आहे. त्यातली पहिली चाळीस वर्षे वादक यंत्रामागे गेला. त्यानंतर यंत्र वादकामागे येऊ लागले.

ट्रेमोलो : हिंदकळणारा द्रव आणि लुकलुकणारा दिवा

गिटारसाठी स्वतंत्रपणे विकल्या गेलेल्या सर्वांत जुन्या इफेक्टमध्ये अमेरिकेतील डीआर्मंडच्या ट्रेमोलोची गणना होते. १९४० च्या दशकातील या पेटीत वीजवाहक द्रवाने भरलेला एक लहान डबा असे आणि मोटार तो सतत हलवत राही. द्रव हिंदकळून आतल्या टोकाला लागला की संकेताचा काही भाग ग्राउंडकडे वळे आणि आवाज उतरे. द्रव मागे सरला की आवाज पुन्हा चढे. द्रवाच्या या हेलकाव्यामुळे आवाजाच्या चढउताराला एक मऊ गोलाई होती. शिकागोच्या बो डिडली यांनी १९५५ मध्ये आपल्याच नावाचे गाणे ध्वनिमुद्रित केले, तेव्हा गिटारची ही थरथर, माराकासची खुळखुळ आणि ढोलांचा ठोका यांची एकच वीण झाली. ट्रेमोलो तोवर सुरांची शोभा वाढवत होता. येथे तो तालवाद्याच्या जागी आला.

त्याच वर्षी फेंडर कंपनीने ट्रेमोलक्स हा अँप्लिफायर आणला. त्यात ट्रेमोलोचे मंडल आतच बसवलेले होते, त्यामुळे वेगळ्या पेटीची गरज उरली नाही. १९६० च्या दशकातील फेंडर अँप्लिफायरमध्ये निऑनचा एक छोटा दिवा लयीत लुकलुके, त्याच्यासमोरच्या प्रकाशसंवेदी रोधकाचा रोध त्याप्रमाणे बदले आणि आवाज वर-खाली होई. वेग ठरवणाऱ्या बटणावर १ ते १० असे आकडे असत. ते आकडे मिनिटाला किती मात्रा हे सांगत नसत. वादकाने कानाने अंदाज घ्यायचा आणि जमेल तसे जुळवून घ्यायचे.

ही अडचण किती मोठी होती, हे ‘द स्मिथ्स’ या इंग्लिश बँडच्या ‘हाउ सून इज नाउ?’ या १९८४ मधील गाण्याच्या ध्वनिमुद्रणातून दिसते. गिटारवादक जॉनी मार आणि निर्माते जॉन पोर्टर यांनी आधी वाजवून ठेवलेली गिटार एकाच वेळी अनेक ट्विन रिव्हर्ब अँप्लिफायरमधून सोडली. प्रत्येकाचा ट्रेमोलो चालू होता आणि दोघे हाताने वेगाची बटणे सांभाळत होते. थोड्याच वेळात थरथर गाण्याच्या लयीपासून सुटे. मग टेप थांबवायची, मागे न्यायची, वेग पुन्हा जुळवायचा आणि पुढचा तुकडा घ्यायचा. अशा लहान लहान तुकड्यांतून गाण्याचा तो प्रसिद्ध धडधडता आरंभ तयार झाला.

फितीवरचा पडसाद

डिलेचा जन्म ध्वनिमुद्रणाच्या फितीवर झाला. टेप रेकॉर्डरमध्ये फीत आधी मुद्रण करणाऱ्या हेडवरून आणि मग ऐकवणाऱ्या हेडवरून सरकते. दोन हेडमधले अंतर २ इंच आणि फितीचा वेग सेकंदाला १५ इंच असेल, तर आवाज सुमारे १३३ मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो. वेग निम्मा केला की हा उशीर दुप्पट होतो. मूळ आवाजात हा उशिराचा आवाज मिसळला की पडसाद तयार होतो, आणि तोच पुन्हा मुद्रण हेडकडे पाठवला की पडसादांची मालिका सुरू होते. मेम्फिसच्या सन स्टुडिओत सॅम फिलिप्स यांनी दोन अँपेक्स रेकॉर्डर वापरून असा आखूड पडसाद गाण्यांना दिला. एल्विस प्रेस्ली यांच्या १९५४ पासूनच्या आरंभीच्या ध्वनिमुद्रिकांवर तो स्पष्ट ऐकू येतो. ढोल नसलेल्या त्या गाण्यांत गिटारच्या प्रत्येक आघाताला लगेच दुसरा आघात मिळे आणि तीनच वादकांचे वादन भरलेले वाटे.

स्टुडिओतला हा प्रयोग रंगमंचावर न्यायला लहान यंत्रे हवी होती. इलिनॉय राज्यातील रे बट्स यांनी टेप इको आतच बसवलेला इकोसॉनिक अँप्लिफायर बनवला. चेट अ‍ॅटकिन्स आणि प्रेस्लींचे गिटारवादक स्कॉटी मूर यांनी तो वापरला. लंडनमध्ये चार्ली वॉटकिन्स यांनी १९५८ मध्ये कॉपीकॅट आणला, तर ओहायो राज्यात माइक बॅटल यांच्या रचनेतून इकोप्लेक्स तयार झाला. इकोप्लेक्समध्ये एक हेड पट्टीवर सरकवता येई, त्यामुळे वाजवता वाजवता पडसादाचे अंतर बदलता येऊ लागले. मिलानच्या बिन्सन कंपनीने इकोरेकमध्ये फितीऐवजी फिरते चुंबकीय चाक आणि त्याभोवती अनेक हेड बसवले. जपानमध्ये इकुतारो काकेहाशी यांच्या रोलँड कंपनीने १९७४ मध्ये आरई-२०१ स्पेस इको विक्रीस आणला. त्यात तीन ऐकवणारी हेड होती आणि एका बटणाने त्यांच्या वेगवेगळ्या जोड्या निवडता येत.

एकाहून अधिक हेड आल्याने पडसादाला स्वतःचा ठेका मिळाला. हेडमधली अंतरे ठरलेली असल्यामुळे एका आघातामागून दोन-तीन आघात ठरावीक वजनाने पडत. ‘द शॅडोज’च्या १९६० मधील ‘अपाचे’ या धुनेत हँक मार्विन यांच्या गिटारला अशाच यंत्राने घोडदौडीची चाल दिली. पिंक फ्लॉइडने १९७१ मध्ये ‘वन ऑफ दीज डेज’ या रचनेत बास गिटार बिन्सनमधून वाजवली. त्यात वादकाचा हात थोडे स्वर वाजवतो, उरलेले स्वर यंत्र पुरवते आणि दोघांची मिळून धाव तयार होते. जमैकात ली पेरी यांनी आपल्या ब्लॅक आर्क स्टुडिओत स्पेस इको वापरून गिटारच्या एका फटकाऱ्यातून पडसादांची लांब रांग काढली. डब संगीताची ती ओळखच बनली.

पडसादावर उभी राहिलेली रचना

काही संगीतकारांनी पडसाद हाच रचनेचा पाया मानला. अमेरिकन संगीतकार टेरी रायली यांनी १९६० च्या दशकात दोन टेप रेकॉर्डर शेजारी ठेवून एकाची फीत दुसऱ्यात नेली. दोन यंत्रांमधल्या अंतरामुळे वाजवलेला तुकडा काही सेकंदांनी परत येई आणि वादक त्यावर नवा तुकडा वाजवत जाई. रायली पुढे किराना घराण्याचे पंडित प्राणनाथ यांचे शिष्य झाले.

‘द हू’ या बँडच्या १९७१ मधील ‘बाबा ओ’रायली’ या गाण्याच्या नावात रायलींबरोबर मेहेरबाबाही आहेत. मेहेरबाबांचा जन्म पुण्याचा आणि समाधी अहिल्यानगरजवळच्या (पूर्वीचे अहमदनगर) मेहेराबादची. गीतकार-गिटारवादक पीट टाउनशेंड त्यांचे अनुयायी होते. या गाण्याचा आरंभीचा झरझरता नमुना सिंथेसायझरचा वाटतो, पण तो लॉरी ऑर्गनचा आहे. त्या ऑर्गनमध्ये दाबून धरलेला स्वर आपोआप लयीत पुन्हा पुन्हा वाजवण्याची सोय होती. त्याच अल्बममधल्या ‘वोन्ट गेट फूल्ड अगेन’मध्ये ऑर्गनचा आवाज व्हीसीएस-३ या सिंथेसायझरच्या फिल्टरमधून नेला आहे. एका वाद्याचा आवाज दुसऱ्याच्या फिल्टरने कापून त्यात ताल निर्माण करणे, हे आजच्या तालबद्ध फिल्टर पेडलांचेच काम येथे झाले. मैफलीत हा नमुना टेपवरून वाजे आणि ढोलवादक कीथ मून कानाला हेडफोन लावून त्याच्या मागे जात.

बर्लिनच्या मानुएल ग्यॉटशिंग यांनी १९७५ च्या ‘इन्व्हेन्शन्स फॉर इलेक्ट्रिक गिटार’ या अल्बममध्ये फक्त गिटार वापरली. रेव्हॉक्स टेप रेकॉर्डरच्या पडसादाच्या अंतराला धरून ते अचूक लयीत छोटे स्वरसमूह वाजवत. मूळ स्वर आणि पडसाद एकमेकांच्या फटीत बसत आणि स्वरांचा ठरलेला क्रम आपोआप वाजवणाऱ्या सिंथेसायझरच्या सिक्वेन्सरसारखी अखंड स्वरमाळ तयार होई. येथेही घड्याळ टेपचे होते आणि शिस्त वादकाची.

चिपवरचा डिले आणि पाऊण मात्रा

फीत झिजते, मळते, तुटते. तिला पर्याय देणारा शोध फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेत सँगस्टर आणि तेअर यांनी १९६९ मध्ये लावला. विद्युतभार साठवणाऱ्या घटकांची लांब साखळी करायची आणि प्रत्येक ठोक्याला आवाजाचा नमुना पुढच्या घटकाकडे द्यायचा. आग विझवायला रांगेत उभी असलेली माणसे पाण्याच्या बादल्या हातोहात पुढे देतात, तसेच हे काम चाले. पॅनासॉनिकच्या एमएन-३००५ या चिपमध्ये असे ४०९६ टप्पे होते. ठोक्यांचा वेग कमी केला की उशीर वाढतो, पण आवाज मंद आणि धूसर होतो. न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचे मेमरी मॅन आणि बॉस कंपनीचे १९८१ मधील डीएम-२ ही याच तंत्रावरची पेडले होती. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच बॉसच्या डीडी-२ ने अंकीय डिले तेवढ्याच छोट्या पेटीत आणला. त्यात पडसाद ८०० मिलिसेकंदांपर्यंत स्वच्छ राही.

उशीर मिलिसेकंदांत मोजता आणि कायम ठेवता येऊ लागल्यावर मात्रेचे गणित मांडता आले. एका मात्रेचा काळ काढायला ६०,००० ला मिनिटाच्या मात्रांनी भागायचे. मिनिटाला १२० मात्रा असतील, तर एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची आणि पाऊण मात्रा ३७५ ची. यू-टू या आयरिश बँडचे गिटारवादक एज यांच्या शैलीत हे पाऊण मात्रेचे अंतर केंद्रस्थानी आहे. वादक दर अर्ध्या मात्रेला एक स्वर वाजवतो, म्हणजे त्याचे आघात मात्रेच्या आरंभी आणि मध्यावर पडतात. प्रत्येक आघाताचा पडसाद पाऊण मात्रेने येत असल्यामुळे तो मात्रेच्या दुसऱ्या आणि चौथ्या पावाच्या आरंभी पडतो. अशा रीतीने मात्रेचे चारही भाग भरतात आणि हात दोनच आघात करत असताना कानाला चार ऐकू येतात. १९८७ च्या ‘व्हेअर द स्ट्रीट्स हॅव नो नेम’ या गाण्याचा आरंभ याचा उत्तम नमुना आहे. मात्र हे गणित लय अचल राहिली तरच टिकते. मैफलीत ढोलवादकाने लय जराशी वाढवली की पडसाद मागे पडू लागतात.

घड्याळे जोडली गेली

सिंथेसायझर विद्युतदाबावर चालत असल्यामुळे त्याच्या जगात या प्रश्नाचे उत्तर आधी सापडले. म्यूनिकमध्ये १९७७ साली तयार झालेल्या डोना समर यांच्या ‘आय फील लव्ह’साठी निर्माते जॉर्जिओ मोरोडर यांच्या चमूने टेपवर ठोके मुद्रित करून त्यांवर मूग सिंथेसायझरचा सिक्वेन्सर चालवला. बासच्या स्वरांची किंचित उशिराची प्रत दुसऱ्या बाजूच्या स्पीकरमधून ऐकवली, त्यामुळे चाल दुप्पट जलद भासली. सिक्वेन्सर, ठोके आणि डिले यांचा हा मेळ नृत्यसंगीताने कायमचा उचलला.

रोलँडने आपल्या तालयंत्रांना एकमेकांशी जोडणारी तार दिली. तिच्यातून प्रत्येक मात्रेला २४ ठोके जात. मुंबईच्या चित्रपटसंगीतात गिटार वाजवणारे चरणजित सिंग यांनी टीआर-८०८, टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८ ही रोलँडची तीन वाद्ये एका लयीत बांधून १९८२ मध्ये ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ हा अल्बम एचएमव्हीसाठी मुद्रित केला. तबल्याची जागा यंत्राच्या ठेक्याने घेतली होती आणि रागाची स्वरवाक्ये त्यावर वाजत होती. त्या वेळी या अल्बमकडे फारसे लक्ष गेले नाही. २०१० मध्ये तो पुन्हा प्रकाशित झाल्यावर शिकागोच्या अ‍ॅसिड हाउस संगीताशी त्याचे साम्य जगभरच्या श्रोत्यांच्या लक्षात आले.

१९८३ मध्ये काकेहाशी आणि अमेरिकेतील डेव्ह स्मिथ यांच्या पुढाकाराने मिडी ही सर्व कंपन्यांसाठी एकच पद्धत आली. तिनेही मात्रेला २४ ठोकेच ठेवले. आता तालयंत्र, सिंथेसायझर आणि डिले एकाच घड्याळावर चालू शकत होते. गिटारवादकाला जवळचा वाटला तो मात्र टॅप टेम्पो. बटणावर पायाने लयीत दोन-तीनदा दाबले की पेडल त्यामधला काळ मोजते आणि त्यानुसार पडसादाचे अंतर ठरवते. लाइन ६ कंपनीच्या १९९९ मधील डीएल-४ या हिरव्या पेडलमुळे ही सोय असंख्य वादकांच्या पायाशी आली. ट्रेमोलोच्या बाबतीतही हेच झाले. बॉसच्या स्लाइसरसारखी पेडले सलग आवाज लयीत कापून तालाचे तयार नमुने देतात आणि लय टॅपने किंवा मिडीने घेतात. मार आणि पोर्टर यांनी तुकड्या-तुकड्यांनी साधलेली गोष्ट आता एका दाबण्यात होते.

दोन वाद्ये, दोन स्वभाव

ही पेडले गिटारवर आणि सिंथेसायझरवर सारखी वागत नाहीत. गिटारचा स्वर छेडताच उंच उठतो आणि हळूहळू विरतो, म्हणून डिलेला त्यातून ठळक आघात मिळतात. सिंथेसायझरचा स्वर कळ दाबलेली असेपर्यंत सलग राहू शकतो. ट्रेमोलो, स्लाइसर आणि फिल्टर यांना कापायला असा सलग आवाज हवा असतो. गिटारवर तोच परिणाम हवा असेल, तर स्वर लांबवणारा कॉम्प्रेसर किंवा फझ आधी ठेवतात. सिंथेसायझरच्या आवाजाची विद्युत पातळी गिटारपेक्षा बरीच जास्त असते, म्हणून गिटारसाठी बनवलेल्या पेडलात तो सोडताना पातळी उतरवावी लागते, नाहीतर आवाज फाटतो. पेडलांचा क्रमही महत्त्वाचा आहे. ट्रेमोलो डिलेच्या आधी असेल, तर कापलेल्या आवाजाचे पडसाद एकमेकांवर चढून ठेका गुंतागुंतीचा होतो. नंतर असेल, तर पडसादांसकट सगळा आवाज एकाच लयीत कापला जातो.

यंत्राचे घड्याळ आज वादकाच्या पायाखाली आले आहे, पण मात्रा धरण्याचे काम अजून हातालाच करावे लागते. डिले वाजवलेले तेच परत देतो. आघात मात्रेवर पडला तर ठेका भरतो, आणि घसरला तर ती चूक चार वेळा ऐकू येते. म्हणून नव्या वादकाने आधी पेडल बंद ठेवून एका संथ लयीत हात पक्का करावा, मग पाऊण मात्रेचा एकच पडसाद लावून तो आपल्या दोन आघातांच्या बरोबर मध्ये पडतो का, हे ऐकावे. बाकीची बटणे त्यानंतर फिरवावीत.