नव्या पुलावरचे कात्रीवाले

नव्या शहरात ओळख नाही, दुकानाला पैसा नाही. मग धंदा मांडायचा कुठे? एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसमध्ये कुत्र्यांचे केस कापणाऱ्यांनी तो पाँ नफवर आणि सीन नदीच्या काठावर मांडला. नावाचा अर्थ 'नवा पूल', पण १६०७ मध्ये पुरा झालेला हा पूल आज शहरातला सर्वांत जुना आहे! भांडवल म्हणाल तर कात्री, पेटी आणि पाटी. पाटीवर लिहिलेलं असे : कुत्रे भादरतो, बोके खच्ची करतो, घरीही येतो. त्या काळच्या चित्रांत पूडलला मांडीवर आडवा धरून भादरणाऱ्या बायकाही दिसतात. गिऱ्हाईक पुलावरून जातच असे. थांबवायचं तेवढं कसब हवं. पावसाच्या दिवशी मात्र पेटी बंद, कमाईही बंद.