शाळेच्या दारातली बंदूक

अमेरिकेतल्या शाळेत पोलीस पहिल्यांदा आला तो गोळीबार थोपवायला आलाच नव्हता. १९५०च्या दशकात मिशिगन राज्यातल्या फ्लिंट शहराने शाळेत पोलीस नेमले, ते मुलांशी त्यांची ओळख वाढावी, वाट चुकणाऱ्या पोरांना वेळीच सावरता यावं म्हणून. पुढे त्या नेमणुकीचा अर्थ पार बदलला. बदलताना दर वेळी एकच चूक होत गेली, असं माझं मत आहे: पहारा अपुरा पडला की तो वाढवायचा, पण पोराच्या हाती बंदूक आली कुठून, हा प्रश्न मागे ठेवायचा.

२० एप्रिल १९९९ रोजी कोलोरॅडोतल्या कोलंबाइन हायस्कूलमध्ये १२ विद्यार्थी आणि एक शिक्षक मारले गेले. त्या शाळेला सशस्त्र पोलीस होता. त्याने एका हल्लेखोरावर लांबून गोळ्याही झाडल्या. त्या लागल्या नाहीत. बाहेर जमलेले पोलीस तेव्हाच्या शिरस्त्याप्रमाणे विशेष पथकाची वाट पाहत राहिले, आणि आत जखमी शिक्षक कित्येक तास रक्तस्रावाने तळमळत होता. मदत पोचली, पण तो वाचला नाही. यानंतर पोलिसांचं प्रशिक्षण बदललं: थांबायचं नाही, पहिला पोचेल त्याने आत शिरायचं. धडा योग्यच होता. तरीही फेब्रुवारी २०१८मध्ये फ्लोरिडातल्या पार्कलंडला शाळेचा सशस्त्र अधिकारी इमारतीबाहेरच राहिला आणि १७ जण प्राणाला मुकले. मे २०२२मध्ये टेक्सासच्या युवाल्डीतल्या शाळेत हल्ला झाला तेव्हा तर वेगवेगळ्या सुरक्षा दलांचे मिळून ३७६ जण आले होते. १९ मुलं आणि दोन शिक्षिकांचा जीव गेला. हल्लेखोराला गाठायला ७७ मिनिटं लागली.

शिक्षकांनाच शस्त्र द्या, ही मागणी याच काळात जोर धरत गेली. डिसेंबर २०१२मध्ये सँडी हूक शाळेत २० लहान मुलं आणि सहा कर्मचारी मारले गेल्यावर आठवडाभरात बंदूकमालकांची बाजू मांडणाऱ्या नॅशनल रायफल असोसिएशनच्या वेन लापिएर यांनी प्रत्येक शाळेत सशस्त्र पोलीस मागितला. पुढच्याच वर्षी साउथ डकोटाने शाळेच्या कर्मचाऱ्यांना शस्त्र बाळगू देणारा कायदा केला. ओहायोत अशा कर्मचाऱ्याला ७०० तासांहून अधिक प्रशिक्षण लागत होतं. २०२२च्या कायद्याने ते जास्तीत जास्त २४ तासांवर आणलं. या बाजूचा एक मुद्दा मला खरोखर वजनदार वाटतो. आडगावातल्या शाळेला पोलिसांची मदत यायला वेळ लागतो, आणि हल्ल्यात माणसं मरतात ती पहिल्या काही मिनिटांत. पण जे नेम धरणं कोलंबाइनच्या प्रशिक्षित पोलिसाला साधलं नाही, ते २४ तास शिकलेल्या शिक्षिकेने पळणाऱ्या मुलांच्या गर्दीत साधावं, तेही कदाचित स्वतःच्याच विद्यार्थ्यावर, ही अपेक्षा मला क्रूर वाटते. धावत आलेल्या पोलिसांना बंदूक हातात असलेली शिक्षिका आणि हल्लेखोर यांतला फरक कळणार कसा?

पहारा निरुपयोगी आहे, असं मात्र म्हणता येत नाही. सप्टेंबर २०२४मध्ये जॉर्जियातल्या अपालाची हायस्कूलमध्ये शाळेचे पोलीस समोर येताच हल्लेखोर मुलगा शरण आला. तोवर चार जण गेले होते. पहारा नसता तर संख्या कदाचित वाढली असती. पण बंदूकधारी दिसला की हल्लेखोर शाळेकडे फिरकणारच नाही, हा दावा टिकत नाही. शिवाय १९८० ते २०१९मधल्या शाळांतल्या गोळीबाराच्या १३३ घटनांच्या अभ्यासात सशस्त्र रक्षकामुळे जीवितहानी कमी झाल्याचं आढळलं नाही. मरायची तयारी करूनच आलेल्याला बंदुकीचा धाक कसला?

म्हणून मला शाळांतल्या हल्ल्यांवरचा अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसचा २००२चा अहवाल जास्त मोलाचा वाटतो. त्यात ३७ हल्ले तपासले होते. सुमारे दोन तृतीयांश हल्लेखोरांनी बंदूक स्वतःच्या किंवा नातेवाइकांच्या घरातून आणली होती, आणि दहापैकी आठ हल्ल्यांची कल्पना आधीच कुणाला तरी होती, बहुधा बरोबरीच्या मुलांना. बंदूक कुलपात ठेवा म्हटलं की राज्यघटनेने दिलेल्या बंदूक बाळगण्याच्या हक्काचा प्रश्न काढला जातो. पण कुलपाची किल्ली मालकाकडेच राहते, त्याचा हक्क कुणी काढून घेत नाही. मिशिगनमधल्या ऑक्सफर्ड हायस्कूलमध्ये नोव्हेंबर २०२१मध्ये चार विद्यार्थी मारले गेले, ती बंदूक वडिलांनी चारच दिवस आधी विकत घेतली होती. त्याच सकाळी मुलाने काढलेलं भीषण चित्र शिक्षिकेच्या नजरेस पडलं, आईवडिलांना शाळेत बोलावलं गेलं. त्यांनी त्याला घरी नेलं नाही आणि दप्तर कुणीच उघडून पाहिलं नाही. २०२४मध्ये दोघांनाही सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरवण्यात आलं. त्याआधी २०२३मध्येच मिशिगनने अल्पवयीन मूल असलेल्या घरात बंदूक कुलूपबंद ठेवणं सक्तीचं केलं होतं.