वानरराजाची पुनरागमने

लोकांच्या मनात घर करून बसलेली एखादी कलाकृती नव्याने उभी करावयाची म्हटली, की ती उभी करणाऱ्याला एकाच प्रेक्षागृहात दोन प्रेक्षकवर्गांना तोंड द्यावे लागते. एक जो नवे काही पाहावयास म्हणून आलेला असतो तो, आणि दुसरा जो जुने मनात घेऊन आलेला असतो व नव्याची त्याच्याशी पदोपदी रुजवात घालीत बसतो तो. बालगंधर्वांची सिंधू किंवा भामिनी डोळ्यांत साठवून ठेवलेल्या रसिकांसमोर पुढच्या पिढीतील नटांनी त्याच भूमिका करावयास घेतल्या तेव्हा त्यांच्यावर आलेला प्रसंग आपल्याकडील जुन्या मंडळींना ठाऊक आहेच. चित्रपटाच्या धंद्यात हाच प्रसंग एका प्रचंड वानरावर दोनदा आला. ‘किंग काँग’ हा बोलपट 1933 साली निघाला, 1976 साली तो पुन्हा काढण्यात आला आणि 2005 साली तिसऱ्यांदा निघाला. ह्या तीन चित्रपटांच्या गुणावगुणांइतकाच त्यांच्या आगमनापूर्वीच्या प्रतीक्षेचा आणि आगमनानंतरच्या पहिल्या आठवड्यातील निवाड्यांचा इतिहासही बोधप्रद आहे.

पहिल्या चित्रपटाच्या वाट्याला अशी प्रतीक्षा मुळी आलीच नव्हती, कारण आठवण काढावी असे त्याच्या पाठीमागे काही नव्हते. मेरियन कूपर आणि अर्नेस्ट शोडसॅक ह्या दिग्दर्शकद्वयाने आर. के. ओ. कंपनीच्या पैशाने सुमारे पावणेसात लाख डॉलर खर्चून तो सिद्ध केला आणि 2 मार्च 1933 रोजी न्यूयॉर्कमधील रेडिओ सिटी म्युझिक हॉल व आर. के. ओ. रॉक्सी ह्या दोन शेजारशेजारच्या प्रेक्षागृहांत एकाच दिवशी लावला. मंदीने गांजलेल्या अमेरिकेत त्या आठवड्यात बँकांवर धाडी पडाव्या तशी ठेवीदारांची गर्दी लोटत होती. 4 मार्चला रूझवेल्ट अध्यक्षपदावर आले आणि 6 मार्चपासून त्यांनी देशातील सगळ्या बँका बंद ठेवण्याचा हुकूम काढला. अशा दिवसांत दोन्ही प्रेक्षागृहांची मिळून नऊ हजारांवर असलेली आसने खेळामागून खेळ भरत राहिली आणि पहिल्या चार दिवसांतच सुमारे 90,000 डॉलरचा गल्ला जमला. दोन वर्षांपूर्वीच उभ्या राहिलेल्या एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या शिखरावर विमानांशी झुंजणारा तो प्राणी लोकांनी पूर्वी कधी पाहिलेला नव्हता, एवढेच कारण त्या गर्दीला पुरेसे होते.

पडद्यावर पर्वतप्राय भासणारा हा प्राणी वास्तविक जेमतेम दीड फूट उंचीचा होता. मार्सेल डेलगाडो ह्या कारागिराने धातूच्या सांगाड्यावर स्नायू रचून त्यावर सशाची कातडी चढविली आणि विलिस ओब्रायन ह्या तंत्रज्ञाच्या देखरेखीखाली ती बाहुली केसभर हलवायची, एक फ्रेम टिपायची, पुन्हा हलवायची, अशा रीतीने सेकंदाला चोवीस फ्रेमांच्या हिशेबाने तिला चालते-बोलते केले. प्रत्येक फ्रेमेगणिक हाताची बोटे लागून सशाची लव विस्कटत असे, आणि त्यामुळे पडद्यावर वानराच्या अंगावरील केस अकारण थरथरताना दिसत. तांत्रिकदृष्ट्या हा उघड दोषच होता. परंतु पाहणाऱ्यांना तो क्रोधाने अंगावर उभा राहिलेला काटा वाटला. पुढे ज्या चाहत्यांनी नव्या आवृत्त्यांना धारेवर धरले, त्यांच्या प्रेमाचे मूळ ह्या थरथरीत होते. लॉस एंजेलिसच्या ग्रौमन्स चायनीज थिएटरात हा चित्रपट पाहून भारावून गेलेला रे हॅरीहाउसेन नावाचा मुलगा पुढे ओब्रायनचाच शिष्य झाला आणि ह्या कलेतील सर्वांत नामांकित कारागीर ठरला.

चाहता म्हणून ज्याला आज आपण ओळखतो तो वर्ग मात्र पुनःप्रदर्शनांनी घडविला. 1938 साली चित्रपट पुन्हा लावण्यात आला तेव्हा दरम्यानच्या काळात कडक झालेल्या नीतिनियमांच्या कात्रीतून त्याला जावे लागले. वानराने नायिकेची वस्त्रे सोलून काढणे, गावकऱ्यांना पायाखाली चिरडणे, भलत्याच स्त्रीला खिडकीतून उचलून, ती आपली नव्हे असे पाहताच उंचावरून सोडून देणे, असे प्रसंग कापले गेले. 1952 साली तो आणखी एकदा लागला आणि त्याने एवढी प्राप्ती करून दिली, की त्यानंतर राक्षसी प्राण्यांच्या चित्रपटांचे पेवच फुटले. 1954 सालचा जपानी ‘गोजिरा’ ह्याच लाटेतला. 1956 साली न्यूयॉर्कच्या एका दूरदर्शन केंद्राने एकच चित्रपट आठवडाभर पुनःपुन्हा दाखविण्याचा जो उपक्रम चालविला होता त्यात ‘किंग काँग’ लावला, तेव्हा घरबसल्या तो पाठ होईपर्यंत पाहणारी मुलांची एक पिढी तयार झाली. 1958 साली फॉरेस्ट अॅकरमन ह्यांच्या संपादकत्वाखाली निघालेल्या ‘फेमस मॉन्स्टर्स ऑफ फिल्मलँड’ ह्या नियतकालिकाने त्या मुलांना परस्परांची ओळख करून दिली. गंमत अशी, की ही पिढी ज्याच्यावर जीव टाकीत होती तो चित्रपट कापलेला होता. गाळलेले प्रसंग सापडून मूळ जागी बसण्यास 1970 च्या आसपासचा काळ उजाडावा लागला. स्मृतीतील जो मूळ आदर्श नव्या आवृत्तीला मोजमाप म्हणून लावला जातो, तो असा आधीच काटछाट झालेला असू शकतो.

ह्याच मधल्या काळात मुंबईकरांपुरते बोलायचे तर ‘किंगकाँग’ ह्या नावाने वानराऐवजी एक अगडबंब मल्लच डोळ्यांसमोर येई. एमिल झाया हा मूळचा हंगेरियन कुस्तीगीर त्या नावाने आखाड्यात उतरत असे, दारासिंगाशी त्याच्या कुस्त्या गाजल्या, आणि 1962 साली बाबूभाई मिस्त्री ह्यांनी दारासिंग व कुमकुम ह्यांना घेऊन ‘किंग काँग’ नावाचा हिंदी चित्रपट काढला तो नावाच्या ह्या पुण्याईवरच.

पहिल्या पुनर्निर्मितीची कथा न्यायालयाच्या दप्तरापासून सुरू होते. 1975 साली डिनो डी लॉरेंटिस ह्या इटालियन निर्मात्याने आर. के. ओ. कडून हक्क विकत घेऊन करारनामा केला, तोच युनिव्हर्सल कंपनीने तोंडी करार आपल्याशी आधीच झाला होता असे सांगून दावा लावला. शिवाय, चित्रपटाआधी 1932 साली निघालेल्या डेलॉस लव्हलेस ह्याच्या कादंबरीच्या हक्काची मुदत संपून गेलेली असल्यामुळे ही कथा कोणीही घ्यावी अशी झाली आहे, असाही युक्तिवाद तिने केला. उलटदावे झाले, मागण्यांचे आकडे कोट्यवधी डॉलरांवर गेले आणि दोन्ही पक्ष आपापला वानर आधी पडद्यावर आणण्याच्या घोषणा करीत राहिले. 1976 च्या जानेवारीत तडजोड होऊन युनिव्हर्सलने माघार घेतली. पण त्याच वर्षाच्या अखेरीस कथेवरील हक्क मेरियन कूपर ह्यांच्या वारसाकडे असल्याचा निवाडा झाला आणि कूपरच्या मुलाने ते युनिव्हर्सललाच विकले. तीस वर्षांनी निघालेल्या तिसऱ्या आवृत्तीची सनद ती हीच.

डी लॉरेंटिसने प्रतीक्षा ही वस्तू कारखान्यात तयार व्हावी तशी तयार केली. चित्रीकरणास प्रारंभ होण्यापूर्वीच वृत्तपत्रांत पानभर जाहिराती झळकल्या. त्यांत एम्पायर स्टेटच्या जागी वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या दोन मनोऱ्यांवर एकेक पाय रोवून उभा असलेला वानर जॉन बर्की ह्या चित्रकाराने रंगविला होता. कार्लो रँबाल्डी ह्याने चाळीस फूट उंचीचा यांत्रिक वानर घडविला असून चित्रपटात तोच काम करील, असा गाजावाजा झाला. त्या यंत्रावर सुमारे सतरा लाख डॉलर खर्च झाले. जूनमध्ये वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या पटांगणात वानराच्या मृत्यूचा प्रसंग चित्रित होणार म्हणून न्यूयॉर्ककरांना आवतण देण्यात आले, तेव्हा अपेक्षेच्या कितीतरी पट माणसे रात्रीची तेथे लोटली. ऑक्टोबरात ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर वानर अवतरला. आदल्या वर्षीच्या ‘जॉज’ने जमविलेला गल्ला हा मोडणार, असे भाकीत निर्मात्याच्या गोटातून वर्तविले जात होते.

जुन्या चाहत्यांचा संशय ह्या जाहिरातीनेच बळावला होता. बाहुलीच्या जागी यंत्र येणार हे त्यांना मुळात रुचले नव्हते, आणि 17 डिसेंबर 1976 रोजी चित्रपट लागला तेव्हा कळले ते असे, की गाजावाजा झालेले ते यंत्र सबंध चित्रपटात केवळ काही क्षण दिसते; बाकी सगळा वेळ रिक बेकर हा तरुण कलावंत वानराचे सोंग चढवून वावरतो. यंत्राचा डांगोरा पिटला नसता तर बेकरच्या कामाची वाखाणणीही झाली असती. पण वचन एक आणि वस्तू दुसरी असे झाल्याने फसवणुकीचा सल उरला. दृश्यचमत्कृतीबद्दलचे विशेष ऑस्कर ह्या चित्रपटाला ‘लोगन्स रन’ बरोबर विभागून मिळाले, तेव्हा जिम डॅनफर्थ ह्या बाहुलीकाराने निषेध म्हणून अकादमीशी संबंध तोडला. ज्या ओब्रायनने मूळ वानर जिवंत केला त्याला त्या कामाबद्दल ऑस्कर मिळालेले नव्हते, आणि तो तर 1962 सालीच निवर्तला होता.

तथापि चाहत्यांचा कोप म्हणजे सगळ्या लोकांचे मत नव्हे. ‘न्यूयॉर्कर’च्या पॉलिन केल ह्यांच्यासारख्या कठोर समीक्षिकेला चित्रपट आवडला, आणि सुमारे 2 कोटी 40 लाख डॉलर खर्चून निघालेल्या ह्या चित्रपटाने एकट्या अमेरिकेत त्याच्या दुपटीहून अधिक गल्ला जमविला. भाकितातील ‘जॉज’ला तो गाठू शकला नाही एवढ्याच आधारावर त्याच्या नावापुढे अपयशाचा शेरा पडला, आणि पाचच महिन्यांनी आलेल्या ‘स्टार वॉर्स’ने यंत्रचमत्काराची कसोटीच बदलून टाकल्यामुळे तो शेरा पुसला गेला नाही.

तिसऱ्या वेळी फरक पडला तो असा, की प्रतीक्षा करणाऱ्यांपैकीच एक जण निर्मात्याच्या खुर्चीत बसला. न्यूझीलंडच्या पीटर जॅक्सनने वयाच्या नवव्या वर्षी 1933 चा चित्रपट दूरदर्शनवर पाहिला आणि बाराव्या वर्षी आईच्या केसाळ वस्त्राचा तुकडा बाहुलीवर चढवून, पुठ्ठ्याची एम्पायर स्टेट उभारून, तो स्वतः काढावयास घेतला होता. मोठेपणी युनिव्हर्सलने त्याच्याकडे हे काम सोपविले. पण ‘माइटी जो यंग’ व ‘गॉडझिला’ हे दुसऱ्या कंपन्यांचे प्राणिपट येऊ घातलेले पाहून 1997 साली ते गुंडाळून ठेवण्यात आले. त्यांतल्या ‘गॉडझिला’ने 1998 साली प्रचंड जाहिरातीनंतर चाहत्यांचा एवढा रोष ओढवून घेतला, की मूळ जपानी कंपनीने 2004 सालच्या आपल्या चित्रपटात त्या अमेरिकी सरड्याला खऱ्या गॉडझिलाकडून काही क्षणांतच लोळविले. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ह्या स्वतःच्या चित्रपटांच्या यशानंतर जॅक्सनला आपला वानर परत मिळाला तो अशा वातावरणात.

त्याने संशयाला उत्तर दिले ते सगळे खुले करून. चित्रीकरण चालू असतानाच कामाच्या रोजनिश्या चित्रफितींच्या रूपाने इंटरनेटवर प्रसिद्ध होऊ लागल्या; अँडी सर्किस हा नट रवांडात जाऊन गोरिलांचे निरीक्षण करून आला आहे, सेट कसे उभे राहतात, संगीत कोण देणार, ह्याची खबर घरोघर पोहोचली. प्रदर्शनाला दोन महिनेही उरलेले नसताना संगीतकार हॉवर्ड शोअर ह्यांच्या जागी जेम्स न्यूटन हॉवर्ड आले तेव्हा त्याचीही चर्चा घरचे कार्य असावे तशी झाली. मूळ नायिका फे रे 8 ऑगस्ट 2004 रोजी वारल्या आणि त्यांच्या स्मरणार्थ एम्पायर स्टेटचे दिवे पंधरा मिनिटे मालविण्यात आले. चित्रपटातील शेवटचे वाक्य त्यांच्या तोंडी घालण्याची जॅक्सनची इच्छा तशीच राहिली.

20 कोटी 70 लाख डॉलर खर्चाचा, तीन तासांहून लांब असा हा चित्रपट 14 डिसेंबर 2005 रोजी अमेरिकेत लागला. समीक्षकांनी त्याला मुक्तकंठाने नावाजले. पण पहिल्या दिवसाची प्राप्ती एक कोटी डॉलरच्याही आत राहिली, आणि धंद्यातील जाणत्यांनी दोनच दिवसांत निराशेची पत्रके काढली. वानर पडद्यावर यावयास तासाहून अधिक वेळ लागतो, ही तक्रार प्रेक्षकांचीही होती व ती निराधार नव्हती. तरीही जगभरात मिळून त्याने 55 कोटी डॉलरच्या घरात मजल मारली आणि तीन ऑस्कर मिळविली. 1976 प्रमाणेच येथेही पहिल्या आठवड्यातील निवाडा चित्रपटाचा झालाच नाही. त्याच्याविषयी बांधलेल्या अंदाजाचा झाला. जाहिरातदाराने एकदा आणि स्वतः चाहत्यांनी एकदा अपेक्षेची उंची ठरविली, आणि दोन्ही वेळा वानर तिच्याखाली मोजला गेला.

1933 सालच्या चित्रपटातून कूपरने प्रदर्शनापूर्वी स्वतःच एक प्रसंग कापून टाकला होता. त्यात दरीत कोसळलेल्या खलाशांवर प्रचंड कोळी व किडे तुटून पडतात, आणि त्यामुळे कथेची गती अडते असे त्याला वाटले होते. त्या प्रसंगाची फिल्म आजतागायत सापडलेली नाही, आणि चाहत्यांच्या मंडळांत तिच्याइतका शोध दुसऱ्या कशाचाही झालेला नाही. नवा चित्रपट लागण्याच्या तोंडावर, नोव्हेंबर 2005 मध्ये, मूळ चित्रपट डीव्हीडीवर आला. त्याच्यासोबत जॅक्सनने आपल्या सहकाऱ्यांना घेऊन हा हरवलेला प्रसंग जुन्या रेखाटनांच्या व छायाचित्रांच्या आधारे, बाहुली केसभर हलवून एक फ्रेम टिपण्याच्या ओब्रायनच्याच रीतीने, काळ्या-पांढऱ्यात नव्याने करून दिला होता. कोट्यवधी डॉलरांचा नवा चित्रपट हाताशी असताना त्याने हा उपद्व्याप हौसेने केला. ह्या एका कामाविषयी मात्र चाहत्यांत फारसा वाद झाला नाही, आणि त्याचे कारण उघड आहे: नव्या वानराची वाट पाहणाऱ्या त्या समुदायाला मनातून जुनाच वानर आणखी थोडा पाहावयाचा होता, आणि ती मागणी ओळखण्यास निर्माता त्यांच्यातलाच असावा लागला.