नवा धंदा टाकला, पण गिऱ्हाईक येईना? कमी खर्चात प्रसिद्धी कशी करायची, वाचा सविस्तर

गावाकडची पोरं आता नोकरीची वाट न बघता स्वतःचा धंदा टाकताहेत. कुणी लाकडी घाणा बसवतोय, कुणी मसाला कांडप, कुणी शेवया-पापडाचं युनिट. मशीन येतं, कर्ज मिळतं, उद्घाटनही जोरात होतं. अडचण त्यानंतर सुरू होते. माल तयार असतो, बँकेचा हप्ता तारखेला येतो आणि गिऱ्हाईक मात्र तेवढं येत नाही. अशा वेळी काय करायचं, ते लाकडी घाण्याच्या उदाहरणातून समजून घेऊ. बाकी धंद्यांनाही हाच हिशोब लागू पडतो.

आधी खर्चाचा हिशोब

समजा, एक लिटर तेलामागे सगळा खर्च जाऊन तुम्हाला ४० रुपये सुटतात. उद्घाटनाचा फ्लेक्स, मांडव आणि स्पीकर यावर १२ हजार गेले, तर ते भरून काढायलाच ३०० लिटर तेल विकावं लागेल. फ्लेक्स चार पावसात फाटतो. म्हणून जाहिरातीवर रुपया टाकण्याआधी तो किती मालातून वसूल होणार, हे वहीत लिहा.

पहिली गिऱ्हाईकं जवळचीच

सुरुवातीला आसपासची पाच-सहा गावं धरा. आठवडी बाजारात बसा आणि लोकांना वास-चव घेऊ द्या. घाण्याचं तेल रिफाइंडपेक्षा महाग पडतं. ते का महाग आहे, हे सांगायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे लोकांसमोर घाणा चालवून दाखवणं. 'तुमचे शेंगदाणे आणा, तेल काढून न्या' अशी सोय ठेवली तर विश्वास लवकर बसतो.

पहिल्यांदा कोणी ओळखीखातर घेतं, कोणी नवलाई म्हणून. तेच घर दुसऱ्यांदा आलं तर समजा धंदा लागला. त्यामुळे कुणी काय आणि कधी नेलं, याची नोंद ठेवा. महिन्याने फोन करून 'तेल कसं वाटलं?' एवढं विचारा. तक्रार आली तर वाद न घालता डबा बदलून द्या. गावात चांगली गोष्ट पसरते, तशी वाईटही पसरते.

मोबाइलचा वापर असा करा

- व्हॉट्सअॅप बिझनेस : हे अॅप मोफत आहे. त्यात मालाचे फोटो आणि दर कॅटलॉगमध्ये टाकता येतात, दुकानाची वेळही देता येते.
- ब्रॉडकास्ट : तुमचा नंबर ज्याने सेव्ह केलाय, त्यालाच ब्रॉडकास्टचा मेसेज जातो. म्हणून माल देतानाच 'नंबर सेव्ह करा' म्हणून सांगा. गावच्या ग्रुपवर रोज जाहिरात टाकू नका, लोक वैतागतात.
- स्टेटस आणि रील : इंटरनेटवरून उचललेला फोटो नको. तुमचाच घाणा, तुमचेच शेंगदाणे, तुमचाच आवाज असू द्या.
- गुगल मॅप : दुकानाची नोंद मोफत होते. 'पैसे भरा, वर नाव आणतो' असा फोन आला तर बळी पडू नका.
- क्यूआर कोड : यूपीआयवर पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही. मोठ्या ऑर्डरच्या नावाखाली कुणी पिन टाकायला लावत असेल, तर ती फसवणूकच समजा.

लेबल म्हणजेच जाहिरात

खाद्यपदार्थ विकायचे तर एफएसएसएआय नोंदणी घ्या. तिचा १४ अंकी नंबर लेबलवर छापावा लागतो. त्यासोबत उत्पादकाचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, एमआरपी, उत्पादनाची तारीख, वापराची मुदत आणि तक्रारीसाठी फोन नंबर हवा. नियमानुसार खाद्यतेल सीलबंद डब्यात किंवा बाटलीतच विकायचं असतं.

'गुडघेदुखी जाते', 'शुगर कमी होते' असं लिहायचा मोह टाळा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला अन्न सुरक्षा कायद्यात १० लाख रुपयांपर्यंत दंड आहे.

उधारी आणि हंगाम

किराणा दुकानात माल ठेवताना पैसे कधी मिळणार, हे आधीच ठरवा. पहिल्यांदा पाच-दहा बाटल्याच द्या. त्यांचे पैसे आल्याशिवाय पुढचा माल देऊ नका.

मागणीचे दिवसही ओळखा. मे-जूनमध्ये घरोघरी लोणचं घालतात, दिवाळीआधी फराळ होतो. ऑर्डर त्याच्या पंधरा दिवस आधी घ्यायला लागा.

मदत कुठे मिळेल?

- उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते. एजंटाला पैसे देण्याची गरज नाही.
- कर्ज आणि अनुदानाच्या योजनांसाठी जिल्हा उद्योग केंद्रात चौकशी करा.
- प्रक्रिया उद्योगासाठी 'पीएमएफएमई' योजनेची माहिती कृषी विभागाकडे मिळते.
- घरातली बाई बचत गटात असेल, तर 'उमेद'च्या तालुका कार्यालयात विचारा. गटांच्या मालाला मुंबईतल्या महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनांत जागा मिळते.

शेवटी एकच गोष्ट ध्यानात ठेवा. लांबच्या हजार लोकांनी रील बघितली म्हणून हप्ता फिटत नाही. जवळची पन्नास घरं दर महिन्याला तुमच्याकडूनच तेल नेऊ लागली, की धंदा पायावर उभा राहतो. आज वही उघडा आणि दुसऱ्यांदा आलेली घरं किती, ते मोजा.